एका पावापायी पिंकुयुना

२० एप्रिल, गुरुवार

एका पावाची खरी किंमत आज बसून काढली. पीठ दुसऱ्याचं, भट्टी दुसऱ्याची, पाव फुकट. बरोबर घोटभर दारू, तीही फुकट. माझ्याकडून जाणार ते एवढंच – दोन पाय, एक पाठ, गुडघ्यांत उरलीसुरली ताकद, आणि गावावरच्या पिंकुयुना डोंगराच्या टोकापर्यंतचा अख्खा कडा. महाग पडला!

झालं असं. स्टेशनवरून घरी आलो, पोटात कावळे ओरडत होते. टेबलावर ओरोपेसा गावचा पाव – सुपाएवढा गोल, वर साखर चकाकतेय. शेजारी छोटी बाटली. कोपऱ्यात सासरेबुवा, भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर. वाटलं, म्हातारा पेंगतोय. मोडला पाव, घातला तोंडात. दुसरा घास, तिसरा. वर एक घोट.

टोपी वर झाली. "खाल्लास ना, जावईबापू?"

"खाल्ला. मस्त आहे!"

"मग यंदाचा क्रूस तुझ्या पाठीवर."

दर मे महिन्यात गावचा क्रूस सजवून पुन्हा डोंगराच्या टोकावर वाहून न्यायचा असतो. पाव असा बाटलीसकट समोर आला की आधी विचारायचं असतं, कशासाठी? खाल्ला की होकार. कागद नाही, अंगठा नाही – दातांनी सही. हे मला काय ठाऊक नाही? सव्वीस वर्षं या गावात काढली! या खोऱ्यात कुणी कुठे कुजबुजलं तरी मला ऐकू येतं – कुणाची गाय आटली, कुणाची सून रुसली, कोणता गाइड कुणाचे पाहुणे पळवणार. पण म्हातारा बोललाच नाही! न बोललेलं ऐकायला कान कुठून आणू?

माझी बायको फेलिसितास चुलीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. रडत नव्हती.

२१ एप्रिल

मागे फिरता येतं का? येतं की. मग या गावात कुणी माझा पाव खात नाही. म्हणजे छप्पर घालायला माणूस नाही, मुलीच्या लग्नात वाजवायला माणूस नाही, शेवटी उचलायलाही नाही.

एकोणीस वर्षांचा होतो, खालच्या गरम मुलखातून केळ्यांचं पोतं घेऊन आलो. गाडीच्या खिडक्यांशी धावत उकडलेली कणसं विकली, वर चीजचा तुकडा. आज तीन मजली लॉज आहे, गरम पाणी आहे. तरी गावात नाव काय? केळेवाला. गावसभेत जागा कुठे? दाराजवळ, जिथून वारा येतो. क्रूस माझ्या पाठीवरून टोकाला गेला तर मी गावचा. अर्ध्यातून उतरलो तर मरेपर्यंत केळेवाला, आणि पोरंही केळेवाल्याची.

एक गोष्ट फक्त या पानाला सांगतो. लॉजच्या तिसऱ्या मजल्याची देखरेख मी अंगणात उभा राहून, ओरडून करतो. तिथे पाहुण्यांसाठी सुंदर गॅलरी बांधलीय. सगळे म्हणतात, काय देखावा आहे! असेल.

२३ एप्रिल

डोकं चालवलं. टूरिस्टांचे तंबू वाहणारे दोन हमाल गाठले, बैलासारखे. सासरेबुवांपुढे उभे केले. म्हटलं, क्रूस हे नेतील, मी खाली अख्ख्या गावाला जेवण घालीन. भाजलेले कुई म्हणजे गिनीपिग, बटाटे, मक्याची दारू चिचा – हवी तेवढी!

म्हाताऱ्याने दोघांना खालून वर पाहिलं. "काय रे, पाव तुम्ही खाल्ला का?"

"नाही, बाबा."

"मग इथे काय करताय?"

गेले. जाताना माझ्याच स्वयंपाकघरातून दोन वाडगे सूप पिऊन गेले.

२५ एप्रिल

गुडघ्याला फडकं बांधलं. कण्हत बसलो. फेलिसितास म्हणाली, "अगं बाई! थांब, हुआना आत्याला बोलावते." हुआना आत्या हाडं बसवते. गेल्या वर्षी तिने पोस्टमनचा खांदा बसवला, तो अजून पत्रं डाव्या हाताने वाटतो. आत्या दारातून आत आली, पिशवी खाली ठेवायच्या आत माझा गुडघा बरा झाला.

आत्या म्हणाली, "माझा हात लागायच्या आधी बरा झालेला हा पहिलाच!"

२६ एप्रिल

पाद्रीबाबांना सुचवलं, क्रूस जरा खाली, रस्त्याजवळ लावला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाया पडता येईल. ते म्हणाले, "वा! हे तू सभेत मांड." हसत होते. देवाच्या माणसाने असं हसू नये.

२८ एप्रिल

आज पहाटे चोरून सराव.

इंकांनी धान्याची गुदामं त्या कड्याला चिकटवून बांधली. का? खाली एवढं सपाट खोरं पडलंय! एकदा सासरेबुवांना विचारलं होतं, तर म्हणाले, "वर वारा असतो, धान्य कुजत नाही." धान्याची सोय पाहिली, माणसाची कुणी पाहिली नाही.

पहिल्या गुदामापर्यंत पोचलो. वाट म्हणजे काय, कड्याला पडलेली सुरकुती. नको तिथे नजर गेली – खाली चौक, चौकात कुत्रं, कुत्रं मुंगीएवढं. डोंगर माझ्यासकट एका बाजूला कलंडला! मी भिंतीला मिठी मारली, गाल दगडाला, डोळे गच्च.

मागून काठीची टकटक. माझ्याच लॉजमधली जर्मन आजीबाई, सत्तरीच्या पुढची. "बुएनोस दियास!" म्हणून माझ्या पाठीला घासून वर गेली. चॉकलेट खात होती. मी दगडांचे सांधे तपासत असल्यासारखं केलं. ती परत उतरली तेव्हाही तपासतच होतो.

२९ एप्रिल

आजीबाईने नाश्त्याला सगळ्या टेबलांवर फोटो फिरवला. "पर्वताला आलिंगन देऊन प्रार्थना करणारा स्थानिक पुरुष." फोटोत माझी टोपी स्पष्ट दिसतेय. फेलिसितासने तिला लाडाने आणखी एक अंडं वाढलं.

१ मे

भिंतीला कान लावायची गरज पडली नाही. बायका अंगणात कणसं सोलत होत्या, आणि त्यांचे आवाज म्हणजे – असो.

हुआना आत्या : "माझी काळी कोंबडी पैजेला. तिसऱ्या गुदामाच्या पुढे जाणार नाही."

मेव्हणा अबुन्दिओ तिथेच बासरी पुसत बसला होता. "तिसऱ्या? दाजी पहिल्यालाच भिंतीशी लग्न लावतील. माझी चिचाची घागर!"

हसू. खूप हसू. मग फेलिसितासचा आवाज – "माझी पांढरी मेंढी. तो टोकाला जाईल."

तिची ती मेंढी! हिवाळ्यात मला पोन्चो नसला तरी चालतो, त्या मेंढीला गोठ्यात कोरडं गवत लागतं.

"अगं, विचार करून बोल," आत्या म्हणाली.

"केला. सव्वीस वर्षं."

मला इतकं चांगलं ऐकू येतं, याचा आज पहिल्यांदाच राग आला. आता जावंच लागणार.

३ मे, बुधवार

अबुन्दिओ आणि पोरांनी काल क्रूस उतरवून आणला. माझ्याहून वीतभर उंच, निलगिरीचं लाकूड. रात्रभर आमच्या घरी – मेणबत्त्या, फुलं, नवी भरजरी वस्त्रं, त्यावर छोटे आरसे. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली. शनिवारी वर न्यायचा.

सासरेबुवा क्रूसाशेजारी बसून होते. चाळीस वर्षं त्यांनी नेला. आता गुडघे नाहीत. ऐन चर्चमधल्या गर्दीत मोठ्याने म्हणाले, "मी ठेवत होतो तिथे, क्रूसाच्या वर फक्त देव. मध्ये काही नाही!" गर्दीने माना डोलावल्या.

घरी आल्यावर मी हळूच विचारलं, "जागा ओळखायची कशी?"

"गुदामांपर्यंत सगळे असतात. पुढे ज्याच्या पाठीवर क्रूस तो एकटाच जातो. ते वाजवत राहतात, त्या आवाजाकडे पाठ करून चढायचं."

"आणि थांबायचं कुठे?"

"डोंगर संपला की थांब. त्यात काय कळायचंय? तोंड मक्याकडे कर. त्याला शेतं दिसली पाहिजेत, नाहीतर गारा कशा अडवेल?"

५ मे

वजन करून पाहिलं. क्रूसाचं नव्हे, स्वतःचं. चार दिवसांत दोन किलो उतरलो.

६ मे, शनिवार

लिहितोय म्हणजे जिवंत आहे!

सकाळी दार उघडलं – धुकं! मे महिन्यात असं धुकं मी कधी पाहिलं नाही. समोरचं घर दिसेना. फेलिसितासने कपाळाला हात लावला. मी मनात नाचलो. दिसतच नाही तर खोल कसलं?

क्रूस तिने स्वतः बांधला पाठीवर, लोकरीच्या दोरीने, गाठीवर गाठ. पुढे बासरी, मागे ढोल, मध्ये मी. गुदामापाशी घोट, पुढच्या गुदामापाशी घोट. तिसरं गुदाम मागे पडलं तेव्हा हुआना आत्याकडे पाहून टोपी काढली. ती धुक्यात तोंड लपवून बसली.

शेवटच्या गुदामाशी सगळे थांबले. फेलिसितासने दोरी पुन्हा ओढून पाहिली. "जा. मेंढीचा प्रश्न आहे."

मग मी आणि डोंगर. वाट खांद्याएवढी. डावीकडे कडा, उजवीकडे पांढरं. क्रूसाचे हात कड्याला अडकायचे, की मी पांढऱ्याकडे ढकलला जायचो. दिसत काही नव्हतं, पण माझे हे कान! खाली नदी ऐकू येत होती – बारीक, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. नदी जवळून कशी गर्जते ते मला माहीत आहे. ती जर एवढीशी वाजते, तर मी किती वर असेन? हिशोब करायचा नाही म्हणून मोठ्याने गायला लागलो. स्टेशनवरची जुनी हाळी – "गरम कणीस, चीजबरोबर! गरम कणीस!" तीच म्हणत पायरी चढायची, तीच म्हणत दुसरी.

एका सपाट जागी आलो. लगेच एका दगडी खड्ड्यात पाय गेला, घोटा मोडता मोडता राहिला. ज्याने तो खड्डा खोदला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला! बसलो, खिशातला भाजका मका खाल्ला. इथेच संपला का डोंगर? पाय पुढे टाकून चाचपलं. नाही, चढ आहे. इतका वेळ आलो, आता म्हाताऱ्याला बोलायला जागा नको. उठलो.

पुढे पायऱ्याच नाहीत. हात, गुडघे, हनुवटी – जे टेकेल ते टेकवलं. एकदा दगड निसटला, त्याचा पडल्याचा आवाज यायची वाट पाहिली. आलाच नाही. तिथे रडलो थोडं. कोण बघतंय?

आणि मग चढ संपला. चारी बाजूंना पाय लावून पाहिला, चारी बाजूंना उतार. संपला डोंगर! दगड गोळा केले, क्रूस उभा केला, पाचरी ठोकल्या. मका कुठे ते दिसेना, म्हणून ढोल ऐकून त्या दिशेला तोंड केलं. पाया पडलो आणि म्हटलं, बाबा, मी इथे परत येणार नाही, तू मजेत राहा.

उतरलो बसून, घसरत. पॅन्टची मागची बाजू डोंगराला वाहिली.

फेलिसितासने माझ्या तोंडावरची माती शालीच्या टोकाने पुसली. डोळे लाल.

"धूर फार झाला इथे," म्हणाली.

तिथे विस्तव नव्हता.

७ मे, रविवार

अजून धुकं. कोणाला पर्वा!

प्रार्थनेनंतर गावसभा. मी सवयीने दाराकडे वळलो, तर अध्यक्षांनी पुढची खुर्ची ओढली. "इकडे बस, लिओन्सिओ." लिओन्सिओ! हाक मारली तेव्हा क्षणभर वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत.

हुआना आत्याने काळी कोंबडी आणून दिली, तोंड कारल्यासारखं. अबुन्दिओची चिचा आम्ही तिथेच संपवली. मी पुन्हा पुन्हा चढलो, बसल्या बसल्या. दर वेळी कडा थोडा उभा होत गेला. शेवटच्या वेळी तर गिधाडं माझ्या खालून उडत होती. धुक्यात मला ती कशी दिसली, हे कुणी विचारलं नाही. चांगली माणसं आहेत.

सासरेबुवा पेला उंचावून उभे राहिले. "चाळीस वर्षं मी, आता हा! डोंगराचं टोक आमच्या घरात आहे!"

मी म्हटलं, "उद्यापासून गावाने सकाळी दार उघडलं की आधी माझं काम दिसेल!" टाळ्या.

घरी येऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. गॅलरीपर्यंत नाही. पण जिन्याने गेलो.

८ मे, सोमवार

धुकं गेलं. सगळं गाव चौकात, माना वर. टोक रिकामं.

सासरेबुवांनी मला बाजूला ओढलं. म्हणे, त्या टोकाच्या मागे डोंगर आणखी आहे. "पण गावातून दिसत नाही, मग मोजायचा कशाला?" माझा पाय अडकला तो खड्डा म्हणजेच क्रूसाची जागा. त्यांच्या आजोबांनी खोदलेली.

क्रूस खऱ्या टोकावर आहे, आणि तिथून त्याला मका दिसत नाही. उद्या मीच तो त्या खड्ड्यापर्यंत उतरवून आणायचाय. पाव खाल्लाय मी.

आभाळात एक ढग नाही.