सहाव्या पिढीचं नाव

३ सप्टेंबर
झालं! तोक्तारबेक आगांच्या पोरीचं लग्न काल मोडलं. आणि मोडलं ते माझ्या दुकानातून गेलेल्या वंशवृक्षावरून.

मुलाकडे चहाला बसले होते सगळे. त्यांचा वंशवृक्ष भिंतीवर — तोही मीच करून दिलेला. आगांनी आपला नवा, चामड्यावर छापलेला, कौतुकाने उलगडला. म्हातारे नावं वाचायला लागले आणि सहाव्या पिढीवर थांबले. दोन्हीकडे जानुझाक! सात पिढ्यांच्या आत एकच पूर्वज, म्हणजे पोरगा-पोरगी भाऊबहीणच. आमच्यात असं लग्न चालत नाही.

आगा स्वतः येऊन सांगून गेले. मला बोल लावला नाही. उलट म्हणाले, "बरं झालं, वेळेवर कळलं." लहानपणी बाप गेला, अनाथाश्रमात वाढला हा माणूस. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ नाहीत म्हणून जन्मभर टोमणे खाल्ले. म्हणून तर आजोबांची वही घेऊन माझ्याकडे आले होते.

अकमराल खोलीतून बाहेरच येत नाही म्हणे. बावीस वर्षांची पोर. जीव तुटतो.

५ सप्टेंबर
चैन नाही. वही जुन्या अरबी लिपीतली, मला ओ की ठो कळत नाही. फोटो काढून एआयला दिले, त्याने भराभर नावं वाचून दिली. मी छापायला दिली.

छपाई माझी नणंद कुल्यान बघते. तिला शंका बोलून दाखवली तर म्हणते, "त्या यंत्राला स्वतःच्या सात पिढ्या आहेत का गं?" हसायला आलं नाही.

६ सप्टेंबर
सापडलं. अरे देवा!

एआयशी झालेलं सगळं बोलणं वरपासून पुन्हा वाचलं. मुलाकडची यादी मी त्याच दिवशी, त्याच संभाषणात टाकली होती. आणि उत्तराच्या अगदी तळाशी त्याने लिहिलंय — सहावं नाव ओल लागून पुसलंय, वाचता येत नाही, दुसऱ्या यादीवरून अंदाजाने घातलंय, तपासून घ्या.

तपासून घ्या! मी तळापर्यंत गेलेच नाही. नावं उचलली आणि मोकळी झाले.

७ सप्टेंबर
कुल्यान म्हणते गप्प बस. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस, उद्या दुकानाची पायरी कोण चढेल? खोटं नाही ते.

९ सप्टेंबर
आगांच्या आजोबांच्या गावी जाऊन आले. तिथले सगळ्यांत वयस्क आजोबा, दोसान अता, नव्वदीचे, पण नावं एका दमात म्हणून दाखवली. सहावा बायतुर. मी मुद्दाम उलटीकडून विचारलं — पुन्हा बायतुर. मशिदीतल्या मुल्लांना वही दाखवली. पुसलेल्या जागी पहिलं अक्षर 'ब'च दिसतं म्हणाले.

निघताना अतांनी विचारलं, "जागा रिकामी होती, तर रिकामी का नाही ठेवलीस, पोरी?"

आगांना वाईट वाटू नये म्हणून? छे. घाई होती, दुसरं काही नाही.

१० सप्टेंबर
आजपासून — एका घराची यादी दुसऱ्या घराच्या यादीत मिसळायची नाही. यंत्राला न लागलेलं नाव कोरं ठेवायचं. प्रत्येक नाव त्या घरच्या म्हाताऱ्यांकडून वदवून घ्यायचं. मग छपाई.

"मग यंत्र हवंय कशाला?" कुल्यान. अगं, पंधरा दिवसांचं वाचन दुपारभरात होतं, म्हणून! बाकीचं आपणच करायचं.

११ सप्टेंबर
सांगून टाकलं. वाटलं, आगा हाकलून देतील. त्यांनी "बायतुर" दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि रडले. मग तिथल्या तिथे मुलाकडे फोन. लग्न ठरल्याप्रमाणे, महिनाअखेरीस! मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. अकमराल चहा देत होती. मान वर केली नाही पोरीने, लाजली असेल.

नऊ दिवसांनी पोटभर जेवले.

१२ सप्टेंबर
अकमराल आली होती. एकटीच. बसली नाही.

"आपाय, मला तो नकोच होता. बाबांना सांगायची छाती झाली नाही. लग्न मोडलं तेव्हा दार लावून घेतलं, कारण हसू लपत नव्हतं."

नाव तपासायला मी नव्वद वर्षांच्या माणसापर्यंत गेले. तिला मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.