कार्बन प्रत

मुलुंड (पूर्व),
१२ नोव्हेंबर १९८८

प्रिय शुभा,

तुझं पत्र पोचलं. नाशिकला थंडी पडली, टेलिफोन एक्स्चेंजमधली रात्रपाळी सुटली, हे वाचून आईला बरं वाटलं. तिचा गुडघा तसाच आहे. मी अजून सोसायटीचा सेक्रेटरी. मिल बंद पडल्यापासून वेळ असतो, आणि दुसरं कुणी पुढे येत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खंडूची जया यंदा बारावीला आहे. गणितं घेऊन माझ्याकडे येते. उत्तर आलं की पेन्सिल कानामागे खोचते, तुझ्यासारखी. तिला इंजिनिअर व्हायचंय. आमच्या शुभालाही व्हायचं होतं, असं मी परवा बोलून गेलो. मग काय झालं, तिने विचारलं. म्हटलं, तीन मार्क कमी पडले. तेवढंच सांगितलं.

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी तू स्टेशनवरून चालत आलीस आणि कपडे भिजवायला बसलीस. सरकारी कॉलेजात जागा संपल्या होत्या. नव्या खाजगी कॉलेजची देणगी विचारायला मी एकदा जाऊन आलो होतो. आकडा ऐकला आणि समोर ठेवलेला चहा तसाच टाकून उठलो. हे तुला आज सांगतोय.

त्याच्या दोन वर्षं आधी घरांवरचा शिक्षण कर वाढवायचा आणि त्यातून उपनगरात सरकारी कॉलेज काढायचं, असं सरकारचं चाललं होतं. आपल्या सोसायटीने हरकतीचा अर्ज केला. मजकूर माझा, अक्षर तुझं. कार्बन घालून तू तीन प्रती काढल्यास. मध्येच थांबून विचारलंस, बाबा, हे पैसे कॉलेजलाच जाणार ना? मी म्हणालो, तू अक्षराकडे बघ. वाढ काही फार नव्हती. मला भरता आली असती. पण सभेने ठरवलेलं सेक्रेटरीने कसं मोडायचं, आणि सरकारात गेलेला पैसा कॉलेजपर्यंत पोचेल असं मलाही वाटत नव्हतं. असे अर्ज पुष्कळ इमारतींतून गेले असतील. बेत बारगळला. आपल्या एका अर्जाने नव्हे, असं मी स्वतःला सांगत आलो. त्या अर्जावरून तू मला कधी काही सुनावलं नाहीस. सुनावलं असतंस तर बरं झालं असतं.

पत्र लिहायला बसलो ते यासाठी. कर वाढवायचं पुन्हा निघालंय. कारण तेच. रविवारी सभा झाली. खजिनदार नंदकुमारने जुन्या फायलीतून तुझी कार्बन प्रत काढली. मजकूर झकास आहे, म्हणाला, फक्त तारीख बदला. खंडू म्हणाला, आमच्या जयाचं अक्षर चांगलंय. मला बोलायचं होतं. पण आता हा कर मला खरंच जड आहे गं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. सहदेवराव, तुमच्यासाठीच तर करतोय, असं नंदकुमार सर्वांदेखत म्हणाला. मी वहीत ठराव लिहून घेतला.

काल संध्याकाळी जया तीन प्रती घेऊन आली. पहिली सही मी केली. शाई वाळेपर्यंत ती थांबली, आणि तिने तुझाच प्रश्न विचारला, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. मी म्हणालो, अक्षर छान आलंय.

होता तसाच राहिलेला, तुझाच,
बाबा