श्रीच्या पुढे

१२ जानेवारी १९५८, धारणीजवळ
श्री.
सुट्टी. सोमाजी कोरकूबरोबर पुन्हा रानात. प्रौढांच्या वर्गाला ये म्हणून महिनाभर त्याच्या मागे लागलो, आला नाही. उलट मीच त्याचा विद्यार्थी झालो! विचारलं, शिकारीला तिरकामठाच का, बंदूक का नाही? म्हणे, "बंदूकवाल्याले जवळ जा लागत नाही, गुर्जी. आपल्याले जनावराचा श्वास ऐकू येईपर्यंत जा लागते. मारू का नको, ते त्याच्या डोयात पाहून ठरवा लागते."

१९ जानेवारी
श्री.
माझा पहिला बाण तासला. सोमाजी आपल्या बाणांवर तीन रेघा मारतो, खूण म्हणून. मी चाकूनं काय कोरावं? श्री! भटाचा हात, दुसरं काय सुचणार. "हे काय काढलं, गुर्जी?" म्हटलं, काही सुरू करताना काढतात. हसला.

२ फेब्रुवारी
श्री.
चितळ. पंधरा पावलं. दोरी ताणली तेव्हा मी अमरावतीच्या उपाध्यांचा मुलगा नव्हतो, मास्तर नव्हतो. इतका जिवंत मी कधी...
"थांबा, गुर्जी." थांबलो नाही. बाण पोटात घुसला, जनावर पळालं. दुपारभर रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. सापडलं नाही.

५ फेब्रुवारी
जंगलच्या गार्डला नाल्यात चितळ सापडलं, मेलेलं. बाण आतच. गार्ड सरळ सोमाजीच्या दारात. तिरकामठा म्हटलं की कोरकूच, आणखी कोण! मी तिथंच उभा होतो.
"कोणाचा बाण?"
सोमाजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माया हाय."
राखीव जंगलातली शिकार म्हणजे गुन्हा. माझी नोकरी. बाबांना कळलं तर... त्याला नेल्यावर त्याची बायको फुलवंती एवढंच म्हणाली, "गुर्जी, तुमी काहून नाही बोलले?"

२१ फेब्रुवारी, अचलपूर
कोर्ट. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाणावर अक्षर आहे. तुला लिहिता येतं?"
"येते, साहेब. गुर्जीनं शिकोलं."
कागद दिला. त्यानं काढलं. वेलांटी उलटी, पण श्रीच! कोठडीत कोळशानं गिरवलं असणार, मला वाचवायला.
दोन महिने कैद. तिरकामठा जप्त. आणि मला साहेबांकडून काय? "शाबास मास्तर, कोरकूला अक्षर शिकवलंत!" मी हात जोडले. थू माझ्या जिनगानीवर.

९ मार्च
मॅजिस्ट्रेटला अर्ज लिहायला बसलो. मीच मारलं, एवढंच तर लिहायचं. कागदावर श्री काढलं. तासभर बसलो. उठलो.
आणि खरं सांगायचं तर बोटांना अजून दोरी आठवते. पुन्हा जावंसं वाटतं. लाज वाटते, तरी वाटतं.

२३ एप्रिल
सोमाजी सुटून आला. खंगला आहे. संध्याकाळी वर्गात येऊन बसला, आपणहून. बाकीचे गेल्यावर म्हटलं, "सोमाजी, मी साहेबाला खरं सांगतो."
"सांगून तिरकामठा वापस भेटते का?"
त्यानं पाटी मांडीवर घेतली, श्री काढलं. या वेळी वेलांटी सुलट. पाटी माझ्यापुढे सरकवली.
"गुर्जी, याच्या पुढं काय लिवते?"
उद्या सांगतो म्हटलं. अर्जाचा कागद अजून पेटीत आहे. त्यावरही तेवढंच आहे.