अस्वलाची निळी जीभ

आल्डर फॉल्स, व्हरमाँट
मंगळवार, १० जून

प्रिय हेस्टर,

तू बरी असशील, मुलीच्या घरी तुझं छान चाललं असेल. इकडे मीही मजेत आहे. टोमॅटोची रोपं लावून झाली, मांजर जाड झालंय. दोन वर्षांनी एकदम पत्र का, असं तुला वाटेल. कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. आधी चहा करून घे.

आपल्या चित्रांच्या डब्यांचं काम जोरात आहे. आता नवशिक्यांना बाहेर बसून चित्रं काढायची भारी हौस आलीय. ग्रंथालयाच्या मार्गरीट ट्रॉम्बलीने तर त्यांचा वर्गच काढला आणि मला अकरा डब्या मागितल्या. तीच आपली डबी. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत सहा रंग, दांडा कापून आखूड केलेला ब्रश, पेन्सिलीचा तुकडा, हाताने शिवलेली बारा पानांची वही आणि ब्रश पुसायला जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची चिंधी. या खेपेला बळी गेला तो तुझा लाल चौकड्यांचा शर्ट. तू विसरून गेली होतीस, त्याला मी काय करणार?

रंगही मी एकटीनेच घोटले. पूड, डिंक, लवंगेचं तेल, मध. झक्क झाले.

म्हणजे, दिसायला झक्क झाले.

हेस्टर, खरं सांगते, ते वाळलेच नाहीत. तीन आठवडे खिडकीत ठेवले, तरी निळा झाकणाला चिकटून वर यायचा. मध मोजायचं आपल्या आईचं ते शिवताना बोटात घालायचं टोपण तू घेऊन गेलीस, आणि माझं अंदाजपंचे दाहोदरसे! त्यातून मध माझ्याच पोळ्यांचा, मग हात कसा आखडणार? 'बाहेर उन्हात वाळतील' अशी मनाची समजूत घातली आणि डब्या देऊन टाकल्या.

आर्डन पाइक आठवतो ना, बर्फ काढायचा ट्रक चालवायचा तो? तोही वर्गाला येतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "विनी, माझ्या हिरव्याला मुंग्या लागल्यात."

"झाडाचं चित्र काढतोयस ना? मग मुंग्या असायच्याच," मी म्हणाले. माझी जीभ तुला माहीतच आहे.

दुसऱ्या शनिवारी नदीकाठच्या कुरणात गेलो. बाकड्यावर अकराच्या अकरा डब्या उन्हात उघड्या मांडल्या आणि सगळे मार्गरीटच्या गाडीपाशी कॉफी नि डोनट घ्यायला गेलो. लक्षात घे, एप्रिल लागला की पाखरांच्या दाण्याचे डबे आत घ्या, नाहीतर अस्वल येईल, असं गावभर ओरडत हिंडते ती मीच. आणि मीच मधाची पंगत मांडून ठेवली.

आलं ना! रीतसर एका टोकापासून सुरुवात करून डबी-डबी चाटत गेलं. मार्गरीटने हॉर्न वाजवला तेव्हा त्याने मान वर केली. जीभ निळी, नाक पिवळं. आर्डनची डबी तोंडात धरली आणि शांतपणे झाडीत निघून गेलं. वनखात्याच्या माणसाने फोनवर विचारलं, "खायचं काय उघडं ठेवलं होतं?" मी म्हटलं, "रंग." त्याने ते दोनदा विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, एवढ्याशाने त्याला काही होणार नाही, पण पुन्हा असं करू नका.

गंमत पुढेच आहे. रंग संपले म्हणून सगळे गाडीत बसून पेन्सिलीनेच अस्वल काढायला लागले. एरवी एक रेघ मारायला घाबरणारी माणसं! ग्रंथालयात आता अकरा अस्वलं टांगलीत. आर्डनचं त्याच्या ट्रकसारखं दिसतं, पण जीभ अचूक आहे.

मार्गरीट मात्र हसली नाही. म्हणाली, "विनी, २१ तारखेला पुढचा वर्ग. या वेळी रंग वाळलेले हवेत. नाहीतर मी दुकानातून तयार डब्या मागवते, मग वाईट वाटून घेऊ नकोस."

तर आता कारण. दोन वर्षांपूर्वी जत्रेत आपण डब्या विकत होतो, तेव्हा तू गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, "ती डबी नका घेऊ, ओली आहे." ती ओली होती. मला माहीत होतं. तरी मी चारचौघांत ओरडले की तुझ्यावाचून काही अडत नाही. तू गेल्यावर लेबलावरचं 'दोघी बहिणी' खोडून 'विनी' केलं. हे तुला कोणी सांगितलं नसेल असं धरून चालले होते. पण या गावात ते कसं शक्य आहे? खूप अडलं, हेस्टर. मधापेक्षा बाकीच्याच गोष्टींत जास्त.

मग आठवलं, ते टोपण हरवलं की आई ओकच्या झाडाच्या फळाची वाटीसारखी टोपी घ्यायची. तसंच मोजलं. बारा डब्या भरल्या. अकरा त्यांच्या, बारावी सोबत पाठवतेय. झाकणात तू लिहायचीस ते वाक्य, 'पहिलं पान बिघडवायचंच असतं', मी माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलंय. वहीचं पहिलं पान बिघडवूनही ठेवलंय. त्यावर काढलीय ती तू आहेस. नाक जमलं नाही.

आता निळ्यावर बोट दाबून बघ. चिकटलं, तर येऊ नकोस. नाही चिकटलं, तर २१ला सकाळी दहा वाजता, नदीकाठच्या कुरणात. डोनट मी आणते.

मी सोळा वेळा दाबून पाहिलंय. चिकटत नाही.

तुझी, मध जास्त घालणारी,
विनी

ता. क. लेबलं अजून चिकटवलेली नाहीत. नाव दोघींनी मिळून लिहू.