श्लोकात न मावलेला पिंजरा

दि. ९ मार्च, सकाळ

चि. माशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम तक्रार. तुझ्या मधमाश्यांनी माझा घोर अपमान केला आहे. तू पाठवलेला डबा उघडताना त्यांचा पोळ्याच्या फटी लिंपायचा डिंक चष्म्याच्या दांडीला लागला आणि दांडी माझ्या कानाला. काल मी चष्म्यासकट झोपलो. तुझी वहिनी म्हणाली, "असू दे, स्वप्नं तरी स्पष्ट दिसतील." संस्कृत शिकून प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्याला यापेक्षा काय मान मिळणार!

वहिनी मजेत. गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "चिमणीच्या बालवाडीत गोवर आलाय रे दादा. नर्सबाई लशीसाठी मागे लागल्यात. मी म्हटलं, आमची पोर रोज डिंकाचे थेंब घेते. तिच्या मामानं श्लोकच लिहिलाय तसा!"

मी हसलो. माझाच विनोद परत ऐकू आला की मला हसू येतं, ही खोड तुला ठाऊक आहे. फोन ठेवला आणि मग तो श्लोक पुन्हा वाचला.

तुझ्या बरण्यांवर छापायला तो श्लोक मीच दिला: "मक्षिकालेपनं नित्यं बालान् रक्षति रोगतः।" वृत्तात चोख. अर्थ मात्र, माश्यांचा लेप मुलांना रोगापासून राखतो हा, खोटा.

आमच्याकडे उंदरांचे तीन पिंजरे होते. लसही गोवराची नव्हे, दुसऱ्याच रोगाची. एका पिंजऱ्याला नुसती लस, दुसऱ्याला डिंक मिसळलेली लस, तिसऱ्याला नुसता डिंक. मग तिन्ही पिंजऱ्यांना त्या रोगाची लागण केली. दुसऱ्यातल्यांना लस जास्त चांगली लागू पडली, ते मी तुला फुशारकीनं कळवलं. तिसऱ्यातले आजारी पडले, ते कळवलं नाही. लपवायचं होतं असं नाही गं. श्लोकात तिसरा पिंजरा बसत नव्हता, आणि तू इतकी खूश झाली होतीस की गद्यातही सांगावंसं वाटलं नाही.

तर ऐक. डिंक लशीच्या जोडीला कदाचित कामाचा. लशीच्या जागी मुळीच नाही. तेही अजून फक्त उंदरांत. हे वाचून होताच चिमणीला घेऊन नर्सबाईंकडे जा. बालवाडीत गोवर आहे हे आधी सांग, त्या म्हणतील तसं कर. बरण्यांवरचे कागद सोलून टाक. कोणी विचारलं तर म्हण, दादानं चूक केली.

रिकामे डबे घेऊन गाडीवाला आत्ता तुझ्याकडेच निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. फोन केला असता तर तू "काय रे दादा" म्हणाली असतीस, आणि मी पुन्हा काहीतरी गमतीचं बोलून बसलो असतो.

ते उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. पाणी पुढे केलं तरी तोंड फिरवायचे. मी रोज बघत होतो.

माशे, चिमणीला गोवर होईल अशी मला भीती वाटते.

तुझा,
दादा