शेवटची दहा मिनिटं

३ मार्च
बसला! डबा बसला! तळहाताएवढा, काळा, पुढे हिरवा दिवा. नातीने टीव्हीच्या पाठीत वायर खुपसली आणि म्हणाली, "घे आजी, घरात थेटर!" खरे सिनेमे तिच्या घरच्या मोठ्या डब्यात. तो तिकडून पाठवणार, हा इकडे दाखवणार. दोघे डबे दिवसभर एकमेकांशी बोलतात म्हणे. बरं आहे बाई त्यांचं!

आधी नुसते करडे चौकोन. "थांब गं, चित्रं शोधतंय ते." मी चहा टाकून येते तर टीव्हीभर पोस्टरं! दोनशे अकरा सिनेमे! मी टाळ्याच पिटल्या.

संध्याकाळी ती गेली. दारात तिच्या बुटाचा ओला ठसा राहिलाय. पुसला नाही.

४ मार्च
नातीने कागदावर लिहून दिलंय, तो हरवायच्या आत इथे उतरवते. आधी टीव्ही लावायचा. मग रिमोटवरचं घराचं चित्र दाबायचं. मग ते विचारतं — "कोण पाहतंय?" (किती बरं वाटलं! या घरात विचारतं कोण?) मग गोल गोल तोंडं येतात, त्यातलं आपलं दाबायचं.

आपलं कुठलं ते लिहायचं राहिलं. पहिलं निळं होतं, ते दाबलं. लागला की सिनेमा!

६ मार्च
रोज दुपारी एक सिनेमा. पण गंमत सांगू? शेवट जवळ आला की मी उठते. पाय आपसूकच उठतात.

सवय ती. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते, चादरींना इस्त्री. सहाची ड्युटी. तीनचा खेळ संपायला दहा मिनिटं असताना उठायचं, नाहीतर बस चुकायची. दादूला, माझ्या मुलाला, हाताला धरून ओढत बाहेर आणायची. तो भोकाड पसरायचा! मग बसमध्ये माझ्या मांडीवर बसून शेवट स्वतःच रचायचा. मेलेल्यांना उठवायचा, दुष्ट माणसाचं मांजर करायचा. मी नुसतं म्हणायची, "मग रे?" — की सुटलीच त्याची गाडी!

अर्धवट राहिलेले सिनेमे हा डबा वर एका रांगेत मांडून ठेवतो. तिघं जमलेत. उठल्यावर कोणी वाट बघत असल्यासारखं वाटतं.

९ मार्च
नातीचा फोन. "आजी, अगं तू मामाच्या नावावर बघतेस! निळं तोंड मामाचं. तुझं शेवटचं, फुलाचं. मामापण माझ्याच डब्यातून सिनेमे बघतो ना, त्याच्या टीव्हीवर तुझी सगळी रांग दिसत असेल!"

चमचा हातातून पडला.

दादू दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी. हे गेले तेव्हा त्याला पोचायला एक दिवस उशीर झाला. मी दारातच, चार माणसांत म्हटलं, "आता कशाला आलास?" त्याने चपलापण काढल्या नव्हत्या. तसाच मागे फिरला. नंतर मी फोन केला नाही. करू कुठल्या तोंडाने?

नातीला म्हटलं, "हो हो, उद्यापासून फूल."

१० मार्च
निळंच दाबलं.

१३ मार्च
शेजारीण म्हणते, "आजी, हल्ली टीव्हीशी बोलता वाटतं! भिंतीतून ऐकू येतं." म्हटलं, त्यातली माणसं उलट बोलत नाहीत, म्हणून. हसली. चहाला थांब म्हटलं तर घाईत होती.

१७ मार्च
रांगेत अकरा. जिथे सोडले तिथेच सगळे. त्याने टीव्ही लावलाच नसेल. की बघून बंद केला असेल? म्हणाला असेल, ही आता इथेही आली.

स्वयंपाक दोघांचा झाला आज. हाताला अजून एकटीचा अंदाज येत नाही.

१९ मार्च
एका लंगड्या घोड्याचा सिनेमा. छान रंगला होता! मध्येच नळवाला आला. स्वयंपाकघरात पाणीच पाणी. पुसता पुसता कंबर गेली, सिनेमा अर्ध्यावरच राहिला.

२० मार्च
घोडा लावला. काल तबेल्यात होता, आज उघडला तो थेट कड्याच्या टोकाशी! मागे सगळं सैन्य. वाटलं, बिघडला डबा. नातीला फोन केला. "तू पुढे नेलास का गं?" "मी? छे! मी माझ्याच नावावर बघते."

सिनेमा किती उरलाय ते दाखवणारी खालची रेघ बघितली. चष्मा पुसला, पुन्हा बघितली. दहा मिनिटं उरलीत. नऊ नाहीत, अकरा नाहीत.

टीव्ही बंद केला आणि बस पकडायची असल्यासारखी दाराशी जाऊन उभी राहिले. वेडी कुठची!

२१ मार्च
दुपारी फोन वाजला. ना हॅलो, ना कशी आहेस. नुसतं, "आई, तो घोडा पडला नाही काही. त्याला ना, पंख होते."

मी म्हटलं, "मग रे?"