मंगलचे गोळ्यांचे कागद

१ डिसेंबर १९७८, शुक्र.

मोठ्या सिस्टरांनी (यापुढे मो.सि., एवढं लांब कोण लिहीत बसणार) ऑफिसात बोलावलं. नाताळच्या कार्यक्रमाचं झाड यंदा माझ्या शिशुवर्गाकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा! सजावट गोळ्या-चॉकलेटांची हवी, आणि ती पोरांच्याच हातची. कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र दिलं. झाडाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाकड्या काठ्या टांगलेल्या. ही म्हणे तिकडची गोळी, चोखायची. वर्गात चित्र दाखवलं तर सगळी एका सुरात, "म्हातारबाबाची काठी!" मलाही आधी तेच वाटलं होतं. बोलले नाही.

४ डिसें., सोम.

काठ्या. खराट्याची काडी वाकवली की मोडते. मग बारीक तार घेतली, टोकं मीच दुमडून दिली. तारेवर पांढरा क्रेप, त्यावर लाल पट्टी तिरकी. गुंडाळताना प्रत्येकाची जीभ बाहेर. खळ मैद्याची, निम्मी पोटात गेली. कीड लागू नये म्हणून घालतात तो मोरचूद घातला नव्हता म्हणून बरं. तेवीस काठ्या झाल्या, त्यातल्या काठीसारख्या दिसणाऱ्या नऊ.

आता चॉकलेटं. खडूचे तुकडे चकचकीत कागदात गुंडाळायचे, दोन्ही टोकं पिळायची, झालं. तर सांगून टाकलं, गुरुवारी प्रत्येकाने गोळ्यांचे दहा-दहा कागद आणा. गोळी खाल्ली की कागद फेकू नका. फुकटची वस्तू, कुणाला जड नाही.

६ डिसें., बुध.

रजा. आईबरोबर विहारात. आई पांढरं नेसून सकाळपासून तयार. रजेच्या अर्जावर कारण 'घरगुती काम', दरवर्षीसारखंच. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून शाळेत कुणाला काही कळत नाही. मी लपवलेलं नाही, कुणी विचारलं नाही. (हे वाक्यही दरवर्षीचंच.)

७ डिसें., गुरु.

लिहावं की नको.

कागद आणले नऊ जणांनी. कुणी दोन, कुणी तीन. डॉक्टरांची वर्षा सात. बाकीची रिकाम्या हातांनी, माना खाली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की घरात दहा गोळ्या येतात कुणाच्या.

मंगल शेवटची उठली. मागच्या बाकावरची, पाच वर्षांची, दिवसभरात तीन शब्द बोलणारी. जुन्या वहीच्या पानांमधून तिने एकेक कागद काढला. सपाट, सुरकुती नाही. लाल, हिरवे, सोनेरी. मोजले, त्रेचाळीस! मी म्हटलं, "अगं बाई! एवढ्या गोळ्या खाल्ल्यास?" हसून म्हटलं. ती पण हसली.

वर्षा म्हणाली, "बाई, तिची आई टॉकीज झाडते ना. ते खुर्च्यांखालचे आहेत. लोकांच्या तोंडातले."

"शीऽऽ." सगळ्या वर्गाने केलं. शेजारच्या दोघी बाकाच्या कडेला सरकल्या. मी वर बघितलं तर दारात मो.सि.

मी ते कागद दोन बोटांच्या चिमटीत उचलले. चिमटीत. टोपलीत टाकले. म्हटलं, "घाण आहे ही. असं कचऱ्यातलं शाळेत आणायचं नाही. जा, साबणाने हात धुऊन ये, तोवर कशाला हात लावू नकोस."

ती गेली. धुऊन आली. मांडीखाली हात घेऊन सुटेपर्यंत बसली. मो.सि. जाताना म्हणाल्या, "गुड. स्वच्छतेकडे लक्ष आहे तुमचं."

पोरं गेल्यावर टोपली उपसली. कागद काढून पर्समध्ये घातले. बाकीच्यांच्या सव्वीस कागदांत झाड कसं भरणार? झाडापायी काढले, दुसरं काही मनात नव्हतं. खोटं कशाला लिहू.

८ डिसें., शुक्र.

मंगल नाही आली.

काल जेवताना आईला गंमत म्हणून सांगायला गेले. आई हसेल असं वाटलं, काय माझं डोकं! आईने घास ताटात ठेवला. "मनमाडला रुळावरचा कोळसा वेचायची मी. हात काळे व्हायचे कोपरापातूर. त्या कोळशावर भाकरी भाजून तुला ट्रेनिंगला धाडलं. तवा नाय आली गं घाण तुला."

मी म्हटलं, "ते वेगळं."

"काय येगळं?"

आई उठून गेली, ताट तसंच. आज सकाळपासून बोलत नाही. चहाचा कप मात्र पुढे ठेवला. आदळला म्हणायचा.

१० डिसें., रवि.

का केलं असं? मो.सि. दारात होत्या म्हणून? ते अर्धंच. पोरांनी "शी" केलं ना, तेव्हा मला वाटलं, आता सगळी माझ्याकडे बघणार. माझ्याकडे का बघतील? कुणाला काय ठाऊक? तरी वाटलंच. आणि मी पटकन त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. चौथीत मला एका गुरुजींनी वेगळ्या तांब्यातून वरून पाणी वाढलं होतं, त्यांचा राग अजून गेलेला नाही. ते निदान म्हातारे होते, जुने होते. मी कोण?

लाज वाटते. लिहितानाही इकडेतिकडे बघते आहे.

१३ डिसें., बुध.

मंगल चौथा दिवस गैरहजर. हजेरीत नाव आलं की माझा आवाज बारीक होतो. वर्षा म्हणाली, "आता ती येणारच नाही." कुणी सांगितलं? "कुणी नाही, मला वाटतं." पोरांना कळतं सगळं.

सुरूची फांदी आली. रंगवलेल्या डब्यात वाळू भरून उभी केली. काठ्या लावल्या. चॉकलेटं मी घरी करते आहे, त्या कागदांची. आई बघते आणि तोंड फिरवते.

१६ डिसें., शनि.

गेले एकदाची मंगलच्या घरी. टॉकीजच्या मागच्या गल्लीत, नळाच्या पलीकडची खोली. माफी मागायची, एवढंच ठरवून गेले होते. वाटेत वाक्य पाठ केलं, "माझं चुकलं, सोमवारपासून मंगलला पाठवा." आठ वेळा म्हटलं असेल.

तिची आई दारातच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मला बघून पदर डोक्यावर, आणि माझ्या आधीच, "बाई, माफी करा. पोरीचं काय चुकलं नाय, माझंच चुकलं."

माझं पाठ केलेलं सगळं गेलं.

"मी सोड्यात धुतले व्हते. दोनदा. गादीखाली दाबले. तरी राहिलं असंल कायतरी चिकाट. तीन दिस मॅटिनीला पोरगी संगं यायची, म्हणायची, बाईंनी मागितलेत. तिला आता लाज वाटती यायची."

मंगल आत भिंतीला चिकटून उभी. वर भिंतीवर फोटो. आमच्या घरात आहे तोच, तसाच हार.

मी फोटोकडे बघितलं हे तिने बघितलं. आवाज खाली आला तिचा. "चा टाकते. आमच्यातला चालंल का, बाई?"

आणि मी म्हटलं, "मी चहा घेत नाही."

दिवसाला पाच कप पिते मी! का म्हटलं? अहो मीही तुमच्यातलीच, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. 'घेत नाही' म्हटलं आणि ती म्हणाली, "बराबर हाय, बाई." समजूतदारपणे. जशी काही मीच अवघडले होते आणि तिने मला सोडवलं.

"सोमवारी पाठवा," म्हणून निघाले. गल्लीच्या तोंडाशी रडू आलं, मग सरळ चालत सुटले. मेनरोडला येईस्तोवर डोळे कोरडे, कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगणार.

१७ डिसें., रवि.

आईला चहाचं सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघितलं. उठून भांडी घासायला बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ डिसें., सोम.

मंगल आली. तेल लावून, घट्ट वेण्या. चिकटकामाच्या तासाला खळीची वाटी पुढे सरकवली तर मान हलवून नको. आज लग्नपत्रिकांचे गोल कापून त्यावर लोकर गुंडाळली, लॉलीपॉप. सोपं, मजेचं. सगळी गलका करत होती. ती बघत बसली. जवळ जाऊन म्हटलं, "तू नाही करत?" म्हणाली, "खराब व्हईल."

२२ डिसें., शुक्र.

कार्यक्रम झाला. सगळं लिहिते, नाही तर उद्या मी हेही गोड करून टाकीन.

झाड फार सुंदर दिसलं. खरंच. दिव्याखाली ती चॉकलेटं अशी चमकत होती की एका पालकाने हात लावून बघितलं, खरी आहेत का. मंगल आणि तिची आई आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं. मंगल झाडापाशी गेली. बघत राहिली. आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मोठ्याने ऐकला, "आये, ह्ये आपले! ह्यो सोन्याचा आपला, ह्यो हिरवा फाटका पण आपला!"

तिची आई झाडाकडे बघते, माझ्याकडे बघते. तिला कळलं. तोंडातले, खुर्च्यांखालचे, घाण म्हणून फेकलेले, आणि आता इथे, दिव्याखाली.

तेवढ्यात मो.सि. पाहुण्यांना घेऊन आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून, "ही आमच्या कमलबाईंची कल्पना. कागदसुद्धा सगळे त्यांनीच जमवले." टाळ्या.

नाही म्हणायची वेळ होती ती. मंगल समोर, तिची आई समोर. एवढंच म्हणायचं होतं, सिस्टर, त्रेचाळीस कागद हिच्या आईने धुऊन दिले.

मी म्हटलं, "थँक यू, सिस्टर."

मंगल पुन्हा म्हणाली, "आये, आपले ना?" आई म्हणाली, "गप. तसलेच दुसरे हायेत ते." मला वाचवलं तिने. दुसऱ्यांदा. जाताना म्हणाली, "लय ब्येस झालंय झाड, बाई." टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

२५ डिसें., सोम.

सुट्टी. मो.सि.नी घरी केक पाठवला, डब्यात, वर चिठ्ठी, 'झाडासाठी'. आईने डबा उघडला नाही. "ज्याचाय त्याला दे," म्हणाली. डबा घेऊन टॉकीजपर्यंत गेले. मॅटिनी सुटत होती. आत मंगलची आई वाकून खुर्च्यांखाली झाडत असणार. लोक बाहेर येताना गोळ्या सोलत होते, कागद पायाशी टाकत होते. मी तिथेच उभी. आत गेले नाही. परत आले. केक अजून फळीवर आहे.

२ जानेवारी १९७९, मंगळ.

शाळा सुरू. साडेसातला वर्ग उघडला तर दारात मंगल, एकटी. आत येईना. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. मग उलटे केले, नखं दाखवली. साबणाचा वास येत होता, लाल झाले होते घासून घासून. म्हणाली, "बाई, आता शिवू का?"

कशाला, असं विचारायलाही तोंड नव्हतं. खडू, पाटी, बाक, सगळ्यालाच विचारत होती ती. मी "हो गं, हो" म्हटलं. तिचे हात हातात घ्यावेत असं मनात आलं, आणि तेवढ्यात मागे वर्षा येऊन उभी. तिनेही हात पुढे केले. तिच्या मागे बाळू. मग सगळीच. पोरांना खेळ मिळाला, सरळ, उलटे, सरळ, उलटे. मला एकेकाचे बघत जावं लागलं. पाचवा-सहावा चालू असताना मो.सि. आल्या, खूश. "वा! असंच पाहिजे. रोजचा नियमच करा हा. बाकीच्या वर्गांनाही दाखवा."

मी "हो" म्हटलं. वर्षभर रोज सकाळी आता हे करायचं.

आईला सांगितलं. तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मग? आता तरी सांगणार हायेस का त्या बाईला, त्या शिस्टरला?"

"सांगीन."

"कधी?"

"उद्या."

"उद्या रांग कुणापास्नं लागंल?"

मंगलपासूनच. ती सगळ्यांच्या आधी येते.